सात दिवसांचा क्यूब जोरात, अठ्ठावीसचा कमी: नागपूरच्या तापमानात काँक्रीट कुठे बिघडतं, ते कसं शोधायचं

मार्च संपला की जूनच्या पहिल्या पावसापर्यंत नागपूर आणि आसपासच्या साइटवर एकच तक्रार फिरत असते: सात दिवसांचा क्यूब (त्याच मालाचा चौकोनी नमुना, जो दाबून फोडला की ताकद कळते) बघून सगळे खूश, आणि अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट आला की पळापळ. मग सिमेंटचा ब्रँड बदलतो, रेती बदलते, मिस्त्री बदलतो. पुढच्या स्लॅबला पुन्हा तेच. यात दोष मालाचा क्वचितच असतो. पहिल्या चोवीस तासांत काँक्रीट किती तापलं, हे कुणी मोजलेलंच नसतं.

खाली आधी लक्षणं दिली आहेत, मग तपासण्या. फुकटची तपासणी पहिली, खर्चाची शेवटी. हा क्रम मोडू नका. थेट कोअर (पक्क्या काँक्रीटमधून ड्रिलने कापलेला गोल नमुना) काढायला धावलं की पैसे जातात आणि कारण तसंच राहतं.

लक्षणं

- सात दिवसांची ताकद चांगली, पण तिथून पुढे चढतच नाही. ओपीसीत (साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये) २७ अंश सेल्सिअसला सात दिवसांची ताकद साधारण अठ्ठावीसच्या ६५ ते ७० टक्के असते. हे प्रमाण ८० टक्क्यांपुढे गेलं आणि अठ्ठावीसचा आकडा तरीही कमी असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्या.
- सात आणि अठ्ठावीस, दोन्ही कमी. हे उष्णतेचं लक्षण नाही. इथे जास्तीचं पाणी, कच्चं कॉम्पॅक्शन (माल नीट न दाबणं) किंवा थंडी शोधायची.
- स्लॅब टाकून दोन-चार तास झालेत, फिनिशिंग चालू आहे, तोवरच भेगा दिसू लागल्या.
- वरचा थर खिळ्याने ओरखडला की भुकटी निघते, झाडू मारला की पांढुरकी धूळ उडते.
- डिसेंबर-जानेवारीत सेंट्रिंग (साचा आणि टेकू) काढताना बीमच्या कडा तुटून येतात.
- जाड राफ्ट (इमारतीखालची सलग पायाची लादी), पाइल कॅप (पाइलच्या माथ्यावरचा ठोकळा) किंवा वाफेवर पिकवलेले प्रीकास्ट (यार्डात आधीच ओतलेले) भाग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ओल्या जागी जाळीसारखे तडकतात.

तपासणीआधी: उष्णता आणि कोरडेपणा हे दोन वेगळे दोष

उन्हाळ्यात दोन्ही एकत्र येतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. इलाज मात्र वेगळे आहेत.

कोरडेपणात सिमेंटची पाण्याशी चाललेली प्रक्रिया मधेच थांबते. छिद्रांमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की प्रक्रिया जवळजवळ बंद पडते. नुकसान मुख्यतः वरच्या दोन-तीन सेंटीमीटरचं, आणि लवकर लक्षात आलं तर पुन्हा पाणी देऊन काही अंशी भरून निघणारं.

उष्णतेत प्रक्रिया थांबत नाही, उलट धावते. सिमेंटमधला मुख्य घटक, ट्रायकॅल्शियम सिलिकेट, पाण्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुना तयार करतो. काँक्रीटची ताकद या जेलमध्ये असते. २० ते २७ अंशांना जेल सावकाश बनतो आणि कणांमधल्या पाण्याने भरलेल्या जागेत दूरवर पसरतो. ४५-५० अंशांना तो इतक्या घाईने बनतो की पसरायला वेळच मिळत नाही, कणाभोवतीच घट्ट कवच बांधून बसतो. यातून दोन गोष्टी होतात. कवचाच्या आतलं सिमेंट पाण्यापासून तुटतं, आणि कणाकणांमधली मोठी छिद्रं मोकळी राहतात. तापलेल्या जेलमध्ये बांधलेलं पाणीही कमी असतं, त्याची घनता जास्त असते. म्हणजे तेवढंच सिमेंट प्रक्रियेत आलं तरी ते कमी जागा भरतं. व्हर्बेक आणि हेल्मथ यांनी १९६८ साली टोकियोच्या सिमेंट रसायन परिषदेत हे स्पष्टीकरण मांडलं. १९९० च्या सुमारास केलसेन, डेटविलर आणि य्योर्व यांनी ५, २० आणि ५० अंशांना पिकवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ५० अंशांच्या नमुन्यात कणांभोवतीची घट्ट कवचं आणि मधली भरड छिद्रं प्रत्यक्ष दिसली.

एट्रिंजाइटचीही यात भर असते. हे सल्फेट-ॲल्युमिनेटचं सुईसारखं स्फटिक आपल्यात ३२ रेणू पाणी बांधून ठेवतं आणि बरीच जागा भरतं. तापमान वाढेल तसं ते कमी होऊन मोनोसल्फेट वाढतं, ज्यात पाणी फक्त १२ रेणू. घन भागाचं आकारमान घटतं, छिद्रं वाढतात.

म्हणून तापलेल्या काँक्रीटला सातव्या दिवशी आकडा मिळतो आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मिळत नाही. झालेलं कवच नंतर पाणी मारून सुटत नाही. पहिले चोवीस तास नीट गेले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काँक्रीट तापलं, तर त्याचं फार बिघडत नाही, कारण तोवर जेल पसरलेला असतो.

तपासणी १: रजिस्टर उघडा (खर्च शून्य)

प्रत्येक क्यूब संचासमोर चार गोष्टी लिहा: काँक्रीट टाकल्याची तारीख आणि वेळ, त्या दिवसाचं कमाल तापमान, सात दिवसांचा आकडा, अठ्ठावीसचा आकडा. मग सात भागिले अठ्ठावीस काढा. जानेवारी-फेब्रुवारीचे संच एका बाजूला, एप्रिल-मेचे दुसऱ्या बाजूला. मिक्स तेच असताना उन्हाळ्यात हे प्रमाण वर सरकलं आणि अठ्ठावीसचा आकडा खाली आला, तर निदान निम्मं झालं.

वेळ लिहिलेली नसेल तर चलान बघा. ट्रान्झिट मिक्सर प्लांटवरून कधी निघाला आणि रिकामा कधी झाला, हे त्यावर असतं. नागपुरात दुपारच्या वाहतुकीत दीड तास सहज जातो, तोवर स्लम्प (मालाचा सैलपणा) घटतो आणि साइटवर ड्रममध्ये पाण्याचा पाइप लागतो. घनमीटरमागे १० लिटर जादा पाणी म्हणजे एम-२५ च्या (अठ्ठावीस दिवसांना २५ एमपीए, म्हणजे मेगापास्कल, ताकदीच्या काँक्रीटच्या) ताकदीतून २ ते ३ एमपीए गेलेच. अशा वेळी सात आणि अठ्ठावीस दोन्ही खाली येतात. उष्णतेचा दोष आणि पाण्याचा दोष कागदावर इथेच वेगळे होतात.

तपासणी २: गोणी वाचा (खर्च शून्य)

दुकानात "५३ ग्रेडच द्या" म्हणायची सवय आहे. ५३ ग्रेड ओपीसी लवकर आणि जास्त उष्णता सोडतं. एप्रिल-मेमध्ये घराच्या स्लॅबला त्याची गरज नसते. पीपीसीत (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, असते. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे राखेची कमतरता नाही. राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया मुळात संथ असते आणि उष्णतेने तिला वेग येतो, त्यामुळे ओपीसीला जे तापमान नडतं तेच पीपीसीला काही प्रमाणात मानवतं. अट एकच: पाणी जास्त दिवस हवं. चुना आणि राख यांचं काम सुरू होईपर्यंत तराई (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) बंद झाली, तर पीपीसी ओपीसीपेक्षाही वाईट ठरतं.

गोणीवरचा आठवडा आणि वर्षही बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट क्यूब टेस्टशिवाय स्लॅबला वापरू नये. उलट, कारखान्यातून नुकतीच आलेली गोणी हाताला गरम लागत असेल तर दोन-तीन दिवस सावलीत ठेवा.

तपासणी ३: क्यूबची टाकी (एक थर्मामीटर)

स्लॅब चांगला आणि क्यूब नापास, असंही होतं, आणि नागपुरात ते वरचेवर होतं. साइटवर भरलेला क्यूब पहिले २४ तास ओल्या पोत्याखाली २२ ते ३२ अंशांत ठेवायचा आणि नंतर २७ अधिक-उणे २ अंशांच्या पाण्यात, असा आयएस ५१६ चा दंडक आहे. प्रत्यक्षात लोखंडी साचे स्लॅबवरच उन्हात पडलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी क्यूब पत्र्याखालच्या प्लास्टिक टाकीत जातात. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या टाकीत थर्मामीटर बुडवा. पाणी ३५ च्या पुढे असेल, तर तुमचा रिपोर्ट काँक्रीटचा राहिलेला नाही, टाकीचा झाला आहे. पहिला दिवस ३८ अंशांच्या आसपास गेला तरी अठ्ठावीस दिवसांची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घसरू शकते.

उपाय स्वस्त आहे. साचे भरताच तळमजल्यावर सावलीत न्या, ओलं पोतं आणि त्यावर पांढरं प्लास्टिक घाला. टाकी जमिनीत अर्धी गाडा किंवा जिन्याखाली ठेवा. सकाळी आठ आणि दुपारी चारचं तापमान रजिस्टरमध्ये लिहा. पुढचा संच पास झाला, तर स्लॅबला हात लावायची गरज नाही.

हिवाळ्यात उलटं होतं. टाकीचं पाणी १५ अंशांवर येतं, सात आणि अठ्ठावीस दोन्ही कमी येतात, पण ५६ दिवसांना तेच क्यूब ग्रेड ओलांडतात. थंडीत सावकाश बनलेला जेल छान पसरतो, त्याला फक्त वेळ लागतो. डिसेंबरच्या पीपीसी क्यूबवर अठ्ठावीस दिवसांत निकाल देऊ नका. जादा तीन क्यूब भरून ठेवा आणि ५६ व्या दिवशी फोडा.

तपासणी ४: खिळा आणि पाण्याचा थेंब

वापरात नसलेल्या कोपऱ्यात खिळा दाबून ओढा. खोल पांढरी रेघ आणि भुकटी आली तर वरचा थर कच्चा आहे. मग तिथेच छिन्नीने १५ मिलिमीटर खोल टवका काढा आणि आत खिळा ओढा. आत रेघ उमटत नसेल, तर दोष कोरडेपणाचा आहे, गाभा ठीक आहे.

पाण्याचा थेंब दोन जागी टाका: एक तराईची क्यारी (पाणी साठवायला घातलेला बांध) फुटलेली होती तिथे, दुसरा पाणी साचून राहायचं तिथे, म्हणजे सहसा जिन्याच्या तोंडाशी किंवा पाइपाच्या खाली. पहिल्या जागी थेंब पाहता पाहता जिरतो आणि दुसऱ्या जागी बराच वेळ उभा राहतो, असा फरक दिसला तर तराई असमान झाली आहे. सगळीकडे सारखाच जिरत असेल तर कारण अजून खोल आहे.

कोरडेपणा सापडला आणि काँक्रीटला महिना झाला नसेल, तर आजच क्यारी बांधून १४ दिवस पाणी ठेवा. पीपीसीत याचा फायदा जास्त दिसतो. भुरभुरा थर मात्र परत घट्ट होत नाही. तो घासून काढा, मगच वॉटरप्रूफिंग किंवा टाइल. न घासता लावलेली टाइल पहिल्या पावसाळ्यात पोकळ वाजते.

तपासणी ५: तराई कशी झाली, ते विचारा आणि बघा

आयएस ४५६:२००० प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसी किंवा राख-स्लॅग (स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर किमान १० दिवस, कोरड्या-गरम हवेत कुठल्याही सिमेंटला किमान १० दिवस. मिश्र सिमेंटला १४ पर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. नागपूरच्या मेसाठी १४ धरूनच चला.

दिवसांपेक्षा खंड महत्त्वाचा. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे तराई नव्हे. दुपारी अकरा ते पाच स्लॅब कोरडा पडला, तर रोज सहा तास प्रक्रिया वरच्या थरात थांबते, आणि त्याच सहा तासांत स्लॅब सर्वात जास्त तापतो. ५० मिलिमीटर पाण्याची क्यारी हे सर्वात भरवशाचं काम. कॉलम आणि भिंतींना ओलं पोतं गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत ओलं पोतं घरच्या कूलरच्या खसासारखं काम करतं, बाष्पीभवनामुळे काँक्रीट हवेपेक्षाही थंड राहू शकतं. पण लू चालू असताना पोतं तासाभरात वाळतं, म्हणून कॉलमच्या डोक्यावर भोक पाडलेली बाटली किंवा ठिबकची नळी ठेवा. ठिबकचा खर्च टँकरच्या एका फेरीपेक्षा कमी पडतो.

दोन चुका वारंवार दिसतात. एक, काळं प्लास्टिक. उन्हाळ्यात ते ऊन शोषून स्लॅब आणखी तापवतं, पांढरंच वापरा. दोन, भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर बोअरचं थंड पाणी एकदम ओतणं. पाणी काँक्रीटपेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त थंड असेल तर वरचा थर झटक्याने आकसतो आणि बारीक भेगा पडतात. पहिलं पाणी संध्याकाळी द्या, तोवर ओल्या पोत्यांवर भागवा.

तपासणी ६: टाकतानाचं तापमान आणि वेळ

पुढचा स्लॅब टाकाल तेव्हा ट्रॉलीत किंवा घमेल्यात थर्मामीटर खोचून दोन मिनिटं ठेवा. हवा ४० अंशांच्या वर असेल तेव्हाचं काम आयएस ७८६१ भाग १ प्रमाणे गरम हवेतलं काम धरतात. काँक्रीट ३५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करा, ४० ला काम थांबवा.

हिशेब अवघड नाही. सिमेंट, रेती आणि गिट्टी किलोमागे पाण्याच्या साधारण ०.२२ पट उष्णता धरतात. एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट ५० अंशांचं, १८५० किलो रेती-गिट्टी ४२ अंशांची आणि १७५ लिटर पाणी ३५ अंशांचं धरलं, तर मिश्रण ४१ अंशांचं होतं. आता एकेक गोष्ट बदलून बघा:

- सिमेंट १० अंश थंड: मिश्रण फक्त १.२ अंश खाली.
- पाणी १० अंश थंड: २.७ अंश खाली.
- रेती-गिट्टी ५ अंश थंड: ३ अंश खाली.
- पाण्यातले ४० किलो बर्फाच्या रूपात: ७ अंश खाली.

रेती-गिट्टीचं वजन सर्वात जास्त, म्हणून ढिगावर हिरवी नेट आणि आदल्या रात्री गिट्टीवर पाणी, हा सर्वात स्वस्त उपाय आहे. गिट्टीत राहिलेलं पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा करा. बर्फ गोणीच्या हिशेबात सुमारे ५.७ किलो पडतो, म्हणजे २५ लिटरऐवजी १९ लिटर पाणी आणि बाकी फोडलेला बर्फ. मिक्सरमधून माल बाहेर पडण्याआधी बर्फ पूर्ण विरघळलाच पाहिजे. खडा राहिला तर तिथे पोकळी राहते.

वेळेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक साइट चुकतात. स्लॅब पहाटे सहाला टाकायची पद्धत आहे. माल थंड असतो, मजूर ताजे असतात, हे खरं. पण सिमेंटची उष्णता पाणी पडल्यापासून साधारण आठ ते बारा तासांनी शिखरावर जाते. सहाचा स्लॅब दुपारी दोन ते सहा या वेळात आतून तापतो, आणि बाहेर ४५ अंश असतात. दोन्ही शिखरं एकावर एक येतात. संध्याकाळी सहानंतर टाकलेल्या स्लॅबचं शिखर पहाटे येतं, जेव्हा हवा सर्वात थंड असते, आणि ऊन लागेपर्यंत जेलला बारा तास मिळतात. आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट बर्फ किंवा चिलरचं पाणी देत असेल तर नवतपाच्या आसपास रात्रीचंच काम करा. हाताने कालवायचं असेल आणि रेती-गिट्टीचा ढीग दिवसभर उन्हात तापलेला असेल, तर तो आधी थंड केल्याशिवाय रात्रीच्या कामाचा पुरा फायदा मिळत नाही.

लोखंडी सेंट्रिंग प्लेट आणि सळया टाकण्याआधी पाण्याने थंड करा, साचलेलं पाणी पुसून काढा.

ताज्या भेगांचं गणितही याच तपासणीत येतं. काँक्रीट ३८ अंश, हवा ४२, आर्द्रता २० टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर असेल, तर दर तासाला चौरस मीटरमागे सुमारे १.७ किलो पाणी उडतं. १ किलोच्या पुढे भेगांची शक्यता धरतात, राखेच्या मिश्रणात ०.५ पासूनच सावध राहावं. काँक्रीट ३२, हवा ३०, आर्द्रता ३५ टक्के आणि वारा ६ किलोमीटर असा फरक केला की आकडा ०.६ वर येतो. वाऱ्याच्या बाजूला नेटचा आडोसा आणि फिनिशिंगच्या मधल्या वेळात पांढरं प्लास्टिक, एवढ्याने बहुतेक भेगा टळतात. भेगा पडल्याच आणि काँक्रीट अजून मऊ असेल तर थापीने पुन्हा दाबून बंद करा. वर कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, त्या थराचीच पुढे धूळ होते.

सिमेंट वाढवू नका

अठ्ठावीसचा आकडा कमी आला की पुढच्या स्लॅबला घनमीटरमागे एक गोणी जास्त, हा सर्वात सोपा आणि सर्वात घातक उपाय आहे. जादा ५० किलो सिमेंट म्हणजे जाड भागात आणखी पाच-सहा अंश उष्णता. ज्या कारणाने ताकद घटली तेच वाढवलं, शिवाय आकुंचन वाढलं. वाढवायचंच असेल तर सावली, बर्फ आणि प्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल सैल ठेवणारं रसायन) वाढवा. रिटार्डर (माल सावकाश घट्ट करणारं रसायन) वापरायचा तर ट्रायल मिक्स करून, आणि मात्रा डब्यावरच्या मर्यादेतच.

तपासणी ७: थंडीचा स्लॅब

सेंट्रिंग काढण्याची आयएस ४५६ मधली मुदत (४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१) ओपीसीसाठी आहे, आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तेव्हाची. नागपूरच्या डिसेंबरच्या रात्री १५ च्या बऱ्याच खाली असतात. त्यात सिमेंट पीपीसी असेल, तर सातव्या दिवशी टेकू काढणं हा धोका आहे. नर्स-सॉलच्या (तापमान आणि वेळेवरून काँक्रीट किती पिकलं ते काढायच्या) साध्या हिशेबाने, तापमानात १० मिळवून तासांनी गुणलं, तर २७ अंशांच्या ७ दिवसांची बरोबरी करायला सरासरी २० अंशांना साडेआठ दिवसांच्या वर लागतात, आणि सरासरी १५ अंशांना साडेदहाच्या आसपास. पीपीसीला यावर आणखी वाढ द्या. रात्री स्लॅबवर प्लास्टिक आणि पोती पांघरा. क्लोराइड असलेलं ॲक्सिलरेटर (माल लवकर घट्ट करणारं रसायन) आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, घालू नका, सळया गंजतात.

तपासणी ८: हॅमर आणि अल्ट्रासॉनिक

इथून पुढे खर्च आहे आणि माणूस प्रशिक्षित हवा. रिबाउंड हॅमर (आपटून उसळी मोजणारा) वरच्या थराचा कडकपणा सांगतो, गाभ्याचा नाही, आणि त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. त्याचा खरा उपयोग तुलनेत आहे: जानेवारीचा स्लॅब आणि मेचा स्लॅब, क्यारीची जागा आणि कोरडी जागा. अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींचा वेग आरपार मोजतं. वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली वारंवार येत असेल तर आत पोकळी किंवा भेगा शोधाव्या लागतील.

हॅमरचे आकडे कमी पण अल्ट्रासॉनिक ठीक, तर वरचा थर कोरडा पडला. हॅमर ठीक पण अल्ट्रासॉनिक कमी, तर गाभा. हा दुसरा प्रकार जाड भागात दिसला की पुढचा परिच्छेद नीट वाचा.

जाड राफ्ट आणि प्रीकास्ट: ७० अंशांची रेघ

काळ्या मातीमुळे इथे मोठ्या इमारतींना राफ्ट आणि पाइल कॅप जाड येतात. अशा भागाच्या मध्यातून उष्णता बाहेर पडत नाही. ठोकताळा असा: ओपीसीच्या दर १०० किलोमागे १० ते १२ अंश वाढ. ४०० किलो सिमेंटचं, ३८ अंशांना टाकलेलं काँक्रीट मध्यात ८० च्या आसपास जाऊ शकतं. ७० च्या पुढे एट्रिंजाइट टिकत नाही. त्यातलं सल्फेट जेलमध्ये अडकून राहतं, आणि काँक्रीट कडक झाल्यावर, ओल मिळाली की हळूहळू सुटून पुन्हा एट्रिंजाइट बनवतं. आता जागा नसते, म्हणून ते काँक्रीटला आतून फुगवतं. वाफेवर पिकवलेल्या रेल्वे स्लीपरमध्ये हा दोष १९८० च्या दशकात जर्मनीत अभ्यासला गेला.

याला नंतर इलाज नाही, आधीच रोखावं लागतं. टाकण्यापूर्वी मध्यात आणि पृष्ठभागाखाली ५० मिलिमीटरवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा. मध्य ७० च्या आत आणि दोघांतला फरक २० च्या आत ठेवा. फरक वाढला तर पृष्ठभागावर पाणी ओतू नका, उलट तो पांघरून उबदार ठेवा. सिमेंटचा मोठा हिस्सा राख किंवा स्लॅगने बदला. प्रीकास्ट यार्डात भरल्यावर तीन-चार तास थांबून मगच वाफ सोडा, तासाला २० अंशांपेक्षा वेगाने चढवू नका, आणि ६५ च्या वर नेऊ नका.

इथे थांबा, तज्ज्ञ बोलवा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा: टाकी ठीक असूनही सलग संच नापास, कॉलम किंवा ट्रान्स्फर बीमचा (वरचे कॉलम पेलणाऱ्या बीमचा) क्यूब नापास, अल्ट्रासॉनिक गाभ्यात कमी, स्लॅब डोळ्याला झोकलेला दिसतो, भेग रुंदावते आहे, जाड भागावर ओलीसोबत जाळीच्या भेगा. टेकू काढलेले नसतील तर काढू नका. काढले असतील तर लगेच परत लावा आणि वर विटा, रेती, पाण्याची टाकी असं काही ठेवू देऊ नका.

कोअर कुठून काढायचे हे इंजिनिअर ठरवेल, ड्रिलवाला नाही. कव्हर मीटरने सळई शोधूनच भोक पाडायचं. किमान तीन कोअर लागतात. त्यांची क्यूबमध्ये रूपांतरित केलेली सरासरी ग्रेडच्या ८५ टक्क्यांवर असावी आणि एकही ७५ च्या खाली नसावा, अशी आयएस ४५६ ची अट. त्यातही भागलं नाही तर भार-चाचणी: पूर्ण मृत भार (बांधकामाचं स्वतःचं वजन) अधिक सव्वापट चलभार (माणसं, सामान) २४ तास ठेवून, काढल्यावर २४ तासांत किमान ७५ टक्के झोक परत येतो का, हे बघतात. ही चाचणी ठेकेदाराने रेतीची पोती रचून उरकायची गोष्ट नाही. फुगवणाऱ्या एट्रिंजाइटचा संशय असेल तर कोअरचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनने तपासावे लागतात. गिट्टीच्या कडेने पडलेली फट आणि तिच्यात भरलेलं स्फटिक बघूनच निदान होतं, नुसत्या भेगांच्या फोटोवरून नाही. त्यासाठी नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेच्या सिव्हिल विभागात किंवा एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत विचारा.

त्यांच्याकडे जाताना पुढचं सगळं एका फाइलीत न्या: क्यूब रजिस्टर आणि टाकीचं तापमान, चलानं, सिमेंटचा प्रकार आणि आठवडा, मिक्स डिझाइन, टाकण्याची वेळ आणि काँक्रीटचं तापमान, तराईचे दिवस, आणि भेगांचा नकाशा, ज्यात प्रत्येक भेगेशेजारी पेन्सिलीने तारीख आणि मिलिमीटरमधली रुंदी लिहिलेली असेल.